खासदार, आमदार आणि 'आम' माणूस

राजधानीतील मराठी माणसाच्या परिचयाचा रस्ता कोणता, असे विचारले तर पुष्कळांचे उत्तर कोपर्निकस मार्ग असेच येईल. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर आहे. २०१३ मध्ये कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले, तरी 'सदन' म्हटले की जुन्या पिढीच्या डोळ्यांपुढे येते ते हेच. मंत्रालयातून बैठकीसाठी आलेले अधिकारी, करोलबागेत सोने-चांदी गाळणाऱ्या विटा-आटपाडीकडील गलाईवाल्यांचे पाहुणे, लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसाठी आलेले विद्यार्थी अशा सर्वांचे पाय कधी ना कधी या दाराला लागले. यांपैकी ज्यांना सरकारी ओळख नव्हती, त्यांच्या खिशात बहुधा एक कागद असे. तो म्हणजे खासदाराचे किंवा आमदाराचे पत्र.

हे दोन शब्द मराठीखेरीज अन्यत्र फारसे ऐकू येत नाहीत. हिंदीत 'सांसद' आणि 'विधायक' म्हणतात. मराठीने मात्र लोकशाहीतील आपल्या प्रतिनिधींसाठी दरबारी शब्द जवळ केले. त्यांची घडण उघड आहे. 'दार' हा फारसी प्रत्यय जमीनदार, सुभेदार, मामलेदार यांत आहे तोच. 'खास' आणि 'आम' ही अरबीतून आलेली जोडी; निवडक ते खास, सरसकट ते आम. कत्तलेआम म्हणजे सरसकट कत्तल आणि आमसभा म्हणजे सर्वांची सभा. लाल किल्ल्यात शाहजहानने याच जोडीप्रमाणे दोन दालने बांधली. दिवाण-इ-आममध्ये फिर्यादी उभे राहत आणि दिवाण-इ-खासमध्ये निर्णय होत. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी सैन्याच्या खर्चासाठी चांदीचे छत उतरवले तेही दिवाण-इ-खासचेच. आमांच्या दालनात उतरवण्याजोगी चांदी कोठून असणार?

'आम' या शब्दाची खरी अडचण येथे आहे. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. कोणी तरी खास असल्याशिवाय कोणी आम ठरत नाही. शिवाय आपण आम आहोत हे माणूस सहसा स्वतः ठरवत नाही. ते वरून पाहणारा ठरवतो. 'आदमी' हा शब्द 'आदम'पासून आलेला, म्हणजे मूळ अर्थाने मनुष्यमात्राचा. पण रूढ हिंदीत तो पुरुषाकडे झुकतो आणि 'आम आदमी' म्हणताना निम्मा समाज नकळत बाहेर राहतो.

सत्तेने प्रजेसाठी वापरलेले जुने शब्द तपासले तर हाच उतरता दृष्टिकोन दिसतो. 'प्रजा' म्हणजे मुळात संतती. राजा पिता आणि बाकी लेकरे. 'रयत' हा शब्द अरबी 'रइय्यत'वरून आला. त्याच्या मुळाशी चारणे, राखणे हा अर्थ आहे. म्हणजे रयत हा राखला जाणारा कळप. मराठीने हा शब्द इतका आपलासा केला, की शिवकाळात राज्यव्यवहारकोशाद्वारे फारसी शब्दांना संस्कृत पर्याय घडवले गेले, तरी लोकांच्या तोंडची रयत हलली नाही. इंग्रजी अमलात रयतवारी आली. शेतकरी सरकारदरबारी थेट खातेदार झाला आणि थेट कर्जबाजारीही. १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध उठाव सुरू झाला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे १९१९ मध्ये भाऊराव पाटलांनी आपल्या शिक्षणसंस्थेला 'रयत' हेच नाव दिले आणि मुलांना कमवून शिकण्याची वाट दाखवली. राखला जाणारा कळप हा अर्थ तेथे मागे पडला.

'जनता' या शब्दाचा प्रवास निराळा आहे. पाणिनीच्या एका सूत्रात ग्राम, जन आणि बंधु या तीन शब्दांना समूहवाचक प्रत्यय सांगितला आहे. त्यातून ग्रामता, जनता आणि बंधुता हे शब्द होतात. आज बंधुता भाववाचक आहे. त्या सूत्रात मात्र तिचा अर्थ बांधवांचा समुदाय असा होतो. व्याकरणाच्या दृष्टीने जनता आणि बंधुता या सख्ख्या बहिणी ठरतात. या दोन्ही शब्दांची गाठ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्राशी पडते. १९२० मध्ये त्यांनी काढलेल्या पत्राचे नाव 'मूकनायक' होते, तर १९३० मध्ये सुरू झालेल्या पत्राचे 'जनता'. दहा वर्षांत मुक्यांचा नायक हे पद मागे पडून मथळ्यावर खुद्द समूहाचेच नाव आले. पुढे घटनेच्या उद्देशिकेत बंधुता आली ती त्यांच्याच अध्यक्षतेखालील मसुदा समितीने घातली म्हणून. त्या उद्देशिकेत प्रजा नाही, रयत नाही आणि आमही नाही. तेथे 'आम्ही, भारताचे लोक' स्वतःच बोलतात.

राजकीय पक्षांना मात्र 'आम'चा मोह सुटला नाही. २००४ मध्ये 'इंडिया शायनिंग'च्या प्रचाराला काँग्रेसने 'आम आदमी'ने उत्तर दिले आणि सत्ता मिळवली. २६ नोव्हेंबर २०१२ रोजी, म्हणजे घटना स्वीकारल्याच्या तारखेलाच, हा शब्द पक्षाचे नाव बनला. त्या पक्षाने २०१३ मध्ये दिल्ली विधानसभेच्या ७० पैकी २८ जागा जिंकल्या, २०१५ मध्ये ६७ आणि २०२० मध्ये ६२. २०२५ मध्ये त्या २२ वर आल्या आणि भाजपला ४८ मिळाल्या. त्या प्रचारात विरोधकांनी मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानाच्या नूतनीकरणावर बोट ठेवून एकच शब्द घोकला, 'शीशमहल'. पराभवाची कारणे अनेक असतील. पण आम म्हणवणाऱ्यावर खास झाल्याचा आरोप जितका झोंबतो, तितका दुसऱ्या कोणावर झोंबत नाही, हे खरे.

घोषणा आणि कायदा यांतील अंतर पाहण्याजोगे आहे. २००४ च्या 'आम आदमी'च्या घोषणेनंतर पुढच्याच वर्षी माहितीचा अधिकार कायदा झाला. महाराष्ट्राने अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ मध्येच असा कायदा केला होता. केंद्रीय कायद्याच्या तिसऱ्या कलमात आम आदमी कोठेही नाही. हा अधिकार सर्व 'नागरिकां'ना दिलेला आहे. केंद्र सरकारच्या कार्यालयात अर्जाचे शुल्क दहा रुपये. माहिती कशासाठी हवी, हे अर्जदाराने सांगण्याची गरज नाही. कोणाचे पत्रही जोडावे लागत नाही.

या कायद्याच्या आठव्या कलमात वैयक्तिक माहितीच्या अपवादाला जोडून एक परंतुक होते. जी माहिती संसदेला किंवा राज्य विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा त्याचा आशय. खासदार, आमदार आणि रांगेतला अर्जदार यांना एका ओळीत उभे करणारे यापेक्षा स्पष्ट वाक्य भारतीय कायद्यात क्वचितच सापडेल. २०२३ मध्ये संसदेने संमत केलेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे उपकलम बदलले. नव्या, एका ओळीच्या मजकुरात ते आश्वासन नाही. व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती देण्याची तरतूद याच कलमात अन्यत्र कायम आहे, असे सरकारचे म्हणणे आहे आणि ती तरतूद आहेही. परंतु तिच्यात हित कोणते व केवढे हे अधिकाऱ्याने तोलायचे असते. परंतुकात तोलण्याचा प्रश्न सोपा होता. खासदाराला जे सांगावे लागेल, ते याला सांगायचे.

एवढे महत्त्वाचे वाक्य गेले, तेव्हा 'आम आदमी'च्या नावाने मते मागणाऱ्यांनी निवडणुकीत त्याचा मुद्दा केला नाही. शब्द सर्वांना हवा होता. त्यामागचा हक्क कोणाच्याच जाहीरनाम्याच्या मथळ्यावर नव्हता. सदनाच्या दारी येणाऱ्याच्या खिशातील पत्र सौजन्याने मिळते आणि सौजन्य संपले की थांबते. दहा रुपयांच्या अर्जाचे तसे नसते. त्याला उत्तर देणे कार्यालयावर बंधनकारक असते. या दोन कागदांपैकी कोणता अधिक काळ चालतो, यावरच येथील मराठी माणूस रयत राहिला की नागरिक झाला, हे ठरेल.