ऊस, मळा आणि गुलाम : गढ्याचा एक धडा

जबलपूर शहरात आज सामावून गेलेले गढा हे गोंड राजवंशाच्या राजधानीचे जुने ठिकाण. संग्रामशाहाचे बावन्न गड, राणी दुर्गावतीचे १५६४ मधील रणातील मरण आणि टेकडीवरील मदनमहाल यांमुळे या नावाभोवती शौर्यकथांचे एक वलय निर्माण झाले आहे. गुलामगिरी आणि तिच्या बळावर उभी राहिलेली मळ्यांची अर्थव्यवस्था हा विषय निघाला असता गढ्याची आठवण सहसा कोणाला होत नाही. आठवण होते ती वेस्ट इंडीज बेटांची किंवा अमेरिकेतील कापसाच्या प्रदेशाची. तथापि या विषयाचे मर्म समजून घेण्यास गढ्याइतके उपयुक्त ठिकाण क्वचितच सापडेल.

ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्धीस आलेला विल्यम स्लीमन हा इंग्रज अधिकारी जबलपूर येथे दीर्घकाळ होता. गढा-मंडल्याच्या राजांचा त्याने लिहिलेला इतिहास १८३७ मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याच स्लीमनने १८२७ च्या सुमारास मॉरिशस बेटातून ओताहिती जातीचा ऊस आणून जबलपूरच्या परिसरात लावला. ओताहिती हे ताहिती बेटाचे जुने नाव. पॅसिफिक महासागरातून निघालेला हा ऊस फ्रेंच दर्यावर्द्यांबरोबर मॉरिशसला आला आणि तेथून नर्मदेच्या खोऱ्यात उतरला. देशी उसापेक्षा जाड आणि रसाळ अशा या कांड्याचे कौतुक होणे स्वाभाविक होते.

परंतु ज्या भूमीतून हा ऊस आला, तेथे त्या वेळी तो कोण पिकवीत होते? मॉरिशस बेट १८१० मध्ये फ्रेंचांकडून इंग्रजांकडे आले, तेव्हा गुलामांच्या व्यापारावर ब्रिटिश कायद्याने बंदी येऊन तीन वर्षे झाली होती. गुलामगिरी मात्र कायम होती. मादागास्कर, मोझांबिक आणि काही अंशी खुद्द हिंदुस्थान येथून आणलेली माणसे व त्यांची संतती मळेवाल्यांची मालमत्ता म्हणून राबत होती. १८२५ मध्ये मॉरिशसच्या साखरेवरील ब्रिटिश जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणण्यात आली आणि बेटावर उसाची लागवड झपाट्याने वाढली. जकातीचे दर लंडनमध्ये बदलले, आणि त्या बदलाचा भार उचलावा लागला तो मॉरिशसच्या गुलामांच्या पाठीला. स्लीमनचे बेणे आले ते नेमके याच वर्षांत.

ऊस जबलपुरास आला. मळ्याची अर्थव्यवस्था मात्र आली नाही. या फरकातच विषयाचे मर्म आहे. मळा म्हणजे विशिष्ट पीक नव्हे. ती भूमी, भांडवल, श्रम आणि कायदा यांची एक विशिष्ट बांधणी होय. दूरच्या बाजारपेठेसाठी एकच पीक, मूळ रहिवासी नसलेल्या वा निर्मूल केलेल्या भूमीवर मालकाची निरंकुश सत्ता, बाहेरून आणलेले आणि परत जाण्याचा मार्ग नसलेले मजूर, व या मजुरांना बांधून ठेवणारा कायदा, ही तिची अंगे. शिवाय तोडलेला ऊस फार काळ टिकत नाही. तो लागलीच गाळावा लागतो. त्यामुळे शेत आणि कारखाना एकाच शिस्तीखाली आले आणि हंगामात दिवसरात्र राबणूक हा नियम झाला. नर्मदाखोऱ्यात जमीन मालगुजार व रयत यांच्या हाती होती, ऊस गावच्या घाण्यावर गाळला जाई आणि गूळ जवळच्या बाजारात खपे. उसाचे कांडे तेच. पण गावाची घडण वेगळी, म्हणून त्याचे फळही वेगळे.

एवढ्यावरून गढ्याचा प्रदेश दास्यमुक्त होता असा निष्कर्ष काढणे ही मोठी चूक ठरेल. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतले. १७९८ मध्ये पेशव्यांनी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे दिला. डिसेंबर १८१७ मध्ये तो इंग्रजांच्या ताब्यात गेला. मध्यप्रांताच्या जुन्या गॅझेटियरात या संक्रमणकाळाची जी हकीकत आली आहे, ती मराठी वाचकाने डोळ्यांआड करू नये. विधवांची विक्री करून पैसा सरकारजमा करण्याची वहिवाट पुढे चालू ठेवावी किंवा कसे, अशी विचारणा नव्या सरकारकडे झाली होती. मुलगी विकणाऱ्याने किमतीचा चौथा हिस्सा सरकारात भरावा, असाही दंडक होता. पेशवाईच्या दप्तरांत ‘बटीक’ आणि ‘कुणबीण’ हे शब्द खरेदी-विक्रीच्या दासींसाठी येतात, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. हे दास्य मळ्यावरचे नव्हते. ते घरातले, गावातले आणि जातिव्यवस्थेच्या आधाराने टिकलेले होते. म्हणूनच ते दिसण्यास अधिक अवघड. हिंदुस्थानात १८४३ च्या पाचव्या कायद्याने न्यायालयांनी गुलामगिरीचा हक्क मानणे थांबविले, पण तो गुन्हा ठरण्यास दंडसंहितेची वाट पाहावी लागली. आणि वेठबिगारी नाहीशी करणारा कायदा तर १९७६ मध्ये झाला.

मॉरिशसमध्ये १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी रद्द झाली. ब्रिटिश संसदेने साम्राज्यातील गुलामांच्या मालकांना दोन कोटी पौंडांची भरपाई दिली. ज्यांचे आयुष्य हिरावले गेले त्यांना काहीच मिळाले नाही. उलट ‘उमेदवार’ या नावाखाली त्यांना आणखी काही वर्षे जुन्याच मालकाकडे राबावे लागले. १८३९ मध्ये ही उमेदवारीही संपली, तेव्हा बहुतेकांनी मळ्यांकडे पाठ फिरविली. त्यांची जागा भरण्याची तजवीज अगोदरच झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजाने छत्तीस हिंदी मजूर पोर्ट लुई बंदरात उतरविले. पुढे सुमारे साडेचार लाख माणसे या वाटेने गेली. त्यांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणचे मराठी मजूरही होते. पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये आणि शिधा. एक दिवस गैरहजेरी झाल्यास दोन दिवसांचा पगार कापण्याची पद्धत. परवान्याशिवाय फिरल्यास अटक. हे गुलाम नव्हते, कारण कराराला अंत होता आणि मुले विकली जात नव्हती. पण मळ्याची बांधणी बदललेली नव्हती. कायद्याने माणूस बदलला, मळा तोच राहिला.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो आणि तो वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेतला आहे. इंग्रजी ‘प्लँटेशन’ला मराठीत ‘मळा’ म्हणण्याची रूढी आहे. पण मराठी मनात मळा म्हणजे मोटेचे पाणी, भाजीपाला आणि कष्टाळू कुटुंब. हा स्निग्ध शब्द त्या दारुण व्यवस्थेवर पांघरूण घालतो. ‘ॲग्रीमेंट’पासून झालेला ‘गिरमिट’ हा शब्द मात्र मजुरांनी स्वतः घडविला. मराठीत गिरमिट हे सुताराचे भोके पाडण्याचे हत्यार. योगायोगाने का होईना, हा अर्थ त्या कराराला अधिक साजतो. शब्दाची निवड येथे भाषांतरकाराच्या सोयीची बाब राहत नाही. कोणाचे दुःख दिसावे आणि कोणाचे झाकावे याचा तो निर्णय असतो. जोतीराव फुले यांनी हे ओळखले होते. १८७३ मध्ये आपल्या ग्रंथाला ‘गुलामगिरी’ हे नाव देऊन आणि तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण करून त्यांनी परदेशातील दास्याच्या नावाने घरातील दास्य उजेडात आणले.

अभिमन्यु अनत यांची ‘लाल पसीना’ ही १९७७ ची हिंदी कादंबरी मॉरिशसच्या हिंदी मजुरांची कहाणी सांगते. तेथील मराठी समाजाने गणेशोत्सव आणि झाकडीची गाणी जतन केली याचा अभिमान महाराष्ट्रात वारंवार व्यक्त होतो, आणि तो योग्यच आहे. पण ज्या झोपड्यांत हे मजूर प्रथम राहावयास गेले, त्यांतल्या अनेकांत आदल्या दिवसापर्यंत गुलाम राहत होते. युनेस्कोने २००६ मध्ये हिंदी मजुरांच्या उतरणीचे ‘आप्रवासी घाट’ हे स्थान आणि २००८ मध्ये पळालेल्या गुलामांचा आश्रय असलेला ‘ल मॉर्न’ पर्वत, अशी दोन्ही ठिकाणे जागतिक वारशात घेतली. एका बेटाची ही दोन स्मारके एकमेकांवाचून अपुरी आहेत. गढ्याच्या मातीत रुजलेल्या त्या परदेशी उसालाही हाच न्याय लागू पडतो : त्याच्या गोडीचा इतिहास लिहावयाचा तर ज्यांच्या हातांनी तो मॉरिशसला वाढला त्यांच्यापासून आरंभ करावा लागेल, आणि नर्मदाकाठी विकल्या गेलेल्या त्या अनाम विधवांना वगळून तो पुरा होणार नाही.