काट्यामागचा कोड

गाळप हंगामात बारामती-इंदापूर भागातल्या भवानीनगर, माळेगाव, सोमेश्वरनगरच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली वजनकाट्यावर चढली की खालचे लोडसेल भाराचे सूक्ष्म विद्युतसंकेत देतात, त्यांचे आकडे होतात आणि पावती छापली जाते. काटामारीची शंका ऊसपट्ट्यात जुनीच. वैधमापन विभागाचे निरीक्षक प्रमाणित वजनं ठेवून काटा तपासतात, पण आकडा घडवणारा प्रोग्राम त्यातून दिसत नाही. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतला प्रोग्राम तर चाचणी ओळखून तेवढ्यापुरतं प्रदूषण आवरत होता. 2015 साली ते उघड झालं.

प्रोग्राम कुणाला उकलून वाचता येऊ नये म्हणून तो मुद्दाम गुंतवतात. हे कोड ऑब्फस्केशन. चोरीपासून बचाव हा त्याचा रास्त उपयोग. पण गुंता किती टिकेल, हे मोजायचं कशावर? 1997 मध्ये ऑकलंड विद्यापीठातल्या कोलबर्ग, थॉमबोर्सन आणि लो यांनी तीन कसोट्या मांडल्या: वाचणारा माणूस किती गोंधळतो, उकलणारं साधन किती अडतं आणि गुंत्यापायी प्रोग्राम किती जड होतो.

पहिल्या दोन कसोट्यांचा कौल सारखाच येईल असं नाही. समजा, 'क्ष × (क्ष + 1) सम असेल तर इकडे, नाहीतर तिकडे' अशी अट घातली. लागोपाठच्या दोन संख्यांपैकी एक सम असतेच. म्हणजे 'तिकडे' कधी जायचंच नाही. माणूस त्या खोट्या वाटेवर बराच वेळ घालवेल, गणिती साधन ती चटकन छाटतं. उलट 'वजन', 'घट' ही नावं पुसून 'अ', 'ब' केलं, तर मूळ नावं खात्रीनं परत मिळवून देणारं साधन नाही. संशोधक चेकातो आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना असे प्रोग्राम फोडायला देऊन वेळ आणि अचूकता मोजली. 2014 च्या त्यांच्या निबंधात साधा नावबदल खोट्या अटींना भारी पडला! बारामती-इंदापूरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हा प्रयोग सहज होईल, आणि व्हायलाच हवा.

काट्याचा प्रोग्राम मात्र झाकून ठेवण्याची गोष्ट नव्हे. मापनयंत्राच्या सॉफ्टवेअरला ओळखखूण असावी, असं ओआयएमएल या आंतरराष्ट्रीय वैधमापन संघटनेचा डी 31 हा दस्तऐवज सांगतो. मंजूर प्रोग्रामचा हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला ठशासारखा आकडा, आणि काट्यातल्या प्रोग्रामचा हॅश जुळला, तर प्रोग्राम बदललेला नाही हे निरीक्षकाला कोड न वाचता कळतं. मंजुरीच्या वेळी मात्र प्रोग्राम न गुंतवलेल्या रूपातच तज्ज्ञांसमोर उघडला पाहिजे.