फाल्गुनातला रामगिरी

नागपूरहून जबलपूरच्या महामार्गाने निघून मानसरपाशी उजवीकडे वळले, की सुमारे ५० किलोमीटरच्या प्रवासानंतर रामटेकचा डोंगर समोर येतो. आषाढात येथे कालिदासाचे स्मरण होते, कार्तिकी पौर्णिमेस जत्रा भरते आणि रामनवमीस गडमंदिरात दर्शनासाठी रांगा लागतात. या गर्दीच्या पर्वांमध्ये माघाच्या अखेरीपासून होळीपर्यंत काही निवांत दिवस येतात. डोंगर खरा देखणा असतो तो याच दिवसांत, आणि नेमके तेव्हाच त्याच्याकडे फारसे कोणी फिरकत नाही.

रानफुले म्हटली, की आपल्याला साताऱ्याचे कास पठार आठवते. परंतु तो बहर पावसाळ्याच्या उत्तरार्धातला आणि जमिनीलगतचा. विदर्भाचा वसंत पायाशी शोधून सापडत नाही. तो मान वर करून पाहावा लागतो. येथील वने पानगळीची. उन्हाळा जवळ आला, की पाण्याचा खर्च वाचवण्यासाठी झाडे पाने गाळतात आणि निष्पर्ण फांद्यांवर फुले धरतात. पानांचा आडोसा नसल्यामुळे ही फुले पक्ष्यांना दुरूनही दिसतात. काटकसर आणि उधळण ही दोन्ही एकाच झाडाने एकाच महिन्यात करावी, हे व्यवहार जाणणाऱ्या माणसाला विचार करायला लावणारे आहे.

पहाटे अंबाळा तलावाच्या काठावरून पायऱ्या चढू लागावे. चढ मध्यम आहे. सावकाश, थांबत थांबत गेल्यास साठी ओलांडलेल्या व्यक्तीलाही तो झेपतो. वर पोहोचले, की एका अंगाला खाली अंबाळ्याचे पाणी, दुसऱ्या अंगाला रामटेक गाव आणि पलीकडे खिंडसी जलाशय दिसतो. मधल्या करड्या रानात ठिकठिकाणी केशरी ठिपके उठलेले असतात. तो पळस. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण नेहमी वापरतो, पण फुलांनी लगडलेल्या पळसावर त्या दिवसांत ती तीन पानेही क्वचितच असतात. फुलातला मध चाखण्यासाठी शिंजीर, बुलबुल, साळुंक्या सकाळपासून गर्दी करतात आणि परागीभवनाचे काम त्यांच्याकडून आपसूक होते. पुढे चपट्या शेंगा धरतात. शेंगेच्या टोकाशी एकच बी असते. तीच पळसपापडी, जी जुन्या वैद्यांच्या बटव्यात जंतांवरील औषध म्हणून असे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या या टापूत पळस एकटा नसतो. काटेसावर मोठी, मांसल, लाल फुले उधळते. खडकाळ उतारावर सोनसावरीची पिवळीधमक फुले दिसतात. धायटीचे लहानसे झुडूप तांबड्या फुलांनी भरून येते. आयुर्वेदातील आसवे आणि अरिष्टे आंबवण्यासाठी हीच फुले वापरतात. कुडा मात्र थोडा उशिरा, उन्हाळा तापल्यावर फुलतो. मेघदूतातील यक्ष मेघाला अर्घ्य देतो, ते याच कुड्याच्या फुलांचे. तो रामगिरी म्हणजेच रामटेक, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. डोंगरावरील केवल नरसिंह मंदिर वाकाटककालीन असून तेथील शिलालेखाचा संबंध राणी प्रभावतीगुप्ता हिच्या घराण्याशी जोडला जातो. म्हणजे सुमारे १५०० वर्षांपूर्वीही हा डोंगर माणसांच्या येण्याजाण्याचा होता, आणि पळस तर त्याहूनही जुना.

या बहरावर दोन संकटे आहेत. पहिले वणव्याचे. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी आगीचा हंगाम. मार्चमध्ये मोहाची फुले पहाटे गळू लागतात. ती वेचणे हा अनेक गरीब कुटुंबांचा रोजीरोटीचा आधार आहे. फुले सहज दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळला जातो, वारा फिरतो आणि आग रानात शिरते. पाल्याखालचे किडेमुंगीपासून सरड्यापर्यंतचे असंख्य जीव, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि कोवळी रोपे तीत संपतात. वेचणाऱ्याला दोष देऊन हे थांबणार नाही. झाडाखाली जाळी किंवा जुन्या साड्या पसरल्या, तर पाला जाळण्याची गरजच उरत नाही आणि मालही स्वच्छ मिळतो. काही ठिकाणी ही रीत सुरूही झाली आहे. वनोपजाच्या व्यापाराशी संबंध असलेल्या कुटुंबांनी वेचणाऱ्यांना अशा जाळ्या पुरवल्या, तर तो व्यवहारही ठरेल आणि जीवदयाही.

दुसरे संकट आपल्या घरापर्यंत येते. क्वचित एखाद्या पळसाला केशरीऐवजी पिवळी किंवा पांढरट फुले येतात. रंगद्रव्यातील फरकाखेरीज त्यात काही गूढ नाही. पण पांढऱ्या पळसाचे फूल तिजोरीत ठेवले की धन वाढते, असा समज पसरलेला आहे. त्यामुळे असे झाड आढळले, की त्याची फुले ओरबाडली जातात, साल सोलली जाते आणि मुळेही उकरली जातात. एका समजापायी झाड मरते. ज्यांच्या पिढ्यांनी चोख हिशेब आणि दिलेला शब्द यांवर पेढ्या उभ्या केल्या, त्यांच्या तिजोरीला या फुलाची काय गरज?

होळीच्या रंगासाठी फुले हवी असतील, तर झाडाखाली गळून पडलेली पुरतात. ती पाण्यात उकळली, की सुरेख पिवळसर केशरी रंग उतरतो आणि तो अंगाला बाधत नाही. फांदी मोडण्याचे काहीच कारण नाही.

जाण्यासाठी फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. उजाडताच चढायला लागावे आणि दहाच्या आत उतरावे. त्यानंतर नागपूरकडचे ऊन दयामाया दाखवत नाही. नवकारशी पाळणाऱ्यांनी निम्म्या वाटेवर निवांत बसून पच्चक्खाण पारावे, मगच पुढे चढावे. पाणी घरूनच न्यावे. खाकऱ्याची पिशवी हातात उघडी धरू नये. येथील वानरांना तिची चांगली ओळख आहे. पायवाट सोडून रानात शिरू नये. पेंचच्या राखीव क्षेत्रात जायचे असल्यास वनविभागाची परवानगी घेऊन ठरलेल्या प्रवेशद्वारातूनच जावे.

डोंगराच्या पायथ्याशी भगवान शांतिनाथांचे दिगंबर जैन मंदिर आहे. दर्शनासाठी नागपूरची कितीतरी कुटुंबे वर्षातून एकदा तरी तेथे येतात आणि दर्शन आटोपून त्याच पावली परततात. यंदा फाल्गुनात दोन तास आधी निघावे. नातवंडांना घेऊन डोंगर चढावा, पळस पाहावा आणि रिकाम्या हातांनी खाली उतरावे. फूल झाडावर राहिले, तर पुढच्या वर्षी तेथे पुन्हा बहर असेल, आणि तो दाखवायला ती नातवंडे दुसऱ्या कोणाला तरी घेऊन येतील.