पहिला पखवाज

इंद्रायणीकाठच्या आमच्या इंदुरीहून देहू जवळ, आणि भंडारा डोंगर तर समोरच. इथले मूल भजन ऐकतच मोठे होते. माझा नऊ वर्षांचा धाकटा भाऊ देवळात पखवाज शिकायला जाऊ लागला, तेव्हा घरी सरावासाठी मी एका जत्रेतून स्वस्तातला लहान पखवाज आणला. चार पैसे वाचवल्याचा मला अभिमानच वाटला!

पंधरा दिवसांत त्याची शाई सुटू लागली. ‘ता’ आणि ‘दिं’ यांत फरक ऐकू येईना. मी भावावरच रागावलो. त्याने शिकायला जाणेच सोडले. शेवटी बुवा घरी आले, वाद्यावर एक थाप मारली आणि म्हणाले, “पोराचा हात चुकत नाही. हे वाद्यच बोलत नाही.”

मला फार वाईट वाटले. त्यानंतर बुवांकडून जे शिकलो, ते इथे सांगतो.

पखवाजाच्या उजव्या पुडीवरची काळी शाई ही काही शोभेची वस्तू नव्हे. लोखंडाचा कीस आणि खळ यांचे थरावर थर देऊन, दगडाने घोटून ती बसवतात. साध्या चामड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. शाईच्या भाराने ते जुळतात आणि ढोलाचा नुसता आवाज न राहता स्वर निघतो. हे शास्त्र सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० साली मांडले. शाईवर बारीक भेगांचे जाळे असते. तो दोष नव्हे. कडेने खपली उडत असेल, तर मात्र ते वाद्य घेऊ नये.

पुडीच्या गजऱ्याला सोळा घरे असतात. प्रत्येक घराजवळ बोटाने हलकेच वाजवावे. सगळीकडे स्वर एकच यायला हवा. मुलाला मांडी घालून बसवावे आणि खांदे न उचलता दोन्ही हात दोन्ही तोंडांवर पोचतात का, ते पाहावे. मोठेपणी उपयोगी पडेल म्हणून भले मोठे वाद्य घेऊ नये. खरेदीला शिकवणाऱ्यांना बरोबर न्यावे, हे सर्वांत महत्त्वाचे.

पैसे कमी असले तर? पुडी झिजते, ती बदलता येते. खोड मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकते. म्हणून नव्या हलक्या वाद्यापेक्षा चांगल्या खोडाचे जुने वाद्य घेऊन त्यावर नवी पुडी चढवावी. तेही जमत नसेल, तर आधी टाळ शिकावा. लय त्यातूनच अंगात भिनते.

वाद्याची निगाही राखावी लागते. आमच्या मावळातल्या पावसात चामडे ओल धरते आणि स्वर उतरतो. म्हणून वाद्य कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावे. डाव्या पुडीला लावलेली कणीक वाजवून झाल्यावर काढावी. नाही तर उंदीर पुडी कुरतडतात.

भाताचे पैसे आले, तेव्हा वडिलांनी असाच एक जुना पखवाज घेतला. मी खर्चाबद्दल कुरकुरलो. चौथीपर्यंतच शिकलेले माझे वडील म्हणाले, “तुला शाळेत घातला, तेव्हा फुटकी पाटी दिली होती का रे?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. ती पाटी कशी आली, हे मला ठाऊक आहे.

आता आई पोळ्यांची कणीक मळताना पखवाजासाठी एक गोळा आधी बाजूला काढून ठेवते.