पखवाजाचं जुनं खोड

नवी मुंबईत पत्ता सेक्टरच्या आकड्यांनी सांगतात. पण करावे, दिवाळे, सारसोळे, घणसोली ही गावं त्या आकड्यांच्या कितीतरी आधीची. १९७० साली हे शहर वसवणारी सिडको स्थापन झाली, पुढे भातखाचरं आणि मिठागरं गेली. आगरी-कोळ्यांची भजनी मंडळं मात्र राहिली. हरिनाम सप्ताह आला की पखवाज बाहेर निघतो. त्याची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, आणि ती आवळणारी चामड्याची वादी अनेकदा बदललेली असते. खोड तेवढं जुनं, हात लागून लागून काळवंडलेलं.

एकाच ओंडक्यातून कोरलेलं, मध्ये फुगीर आणि दोन्ही तोंडांकडे निमुळतं होणारं हे खोड साधारण दोन-अडीच फूट लांब असतं. शिसव, खैर, बाभूळ, फणस, आंबा अशी लाकडं वापरतात. शिसवाचं खोड जड आणि टिकाऊ. आंब्याचं हलकं, स्वस्त. कीडही त्यालाच लवकर लागते.

जुनं खोड हाती आलं की लोक आधी चमक शोधतात. चमकेचं काम मात्र शेवटचं. मृदंगासारख्या वाद्यातून सुरेल नाद का निघतो, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली ‘नेचर’मध्ये मांडलं: कातड्यावरच्या काळ्या शाईच्या वजनामुळे त्याची कंपनं एकमेकांशी स्वरमेळात येतात. म्हणजे स्वर मुख्यतः पुडीचा. मग लाकडाचं काम काय? पुडीला सगळीकडून सारखा, न हलणारा आधार देणं. म्हणून माझ्या मते खोडाचा जीव त्याच्या काठात असतो.

आणि खोड बिघडतं तेही काठापासूनच. लाकडाच्या शिरा खोडाच्या लांबीने धावतात, त्यामुळे तोंडाशी त्या कापलेल्या, उघड्या असतात. खाडीकाठची पावसाळी ओल तिथूनच सगळ्यात जास्त मुरते आणि सुकताना चीरही तिथूनच पोटाकडे सरकते. डाव्या तोंडाला तर ओल्या कणकेचा लेप. भजन संपल्यावर तो खरवडून काढायचा कंटाळा केला की पाणी काठापर्यंत पोचतं.

दुरुस्तीला घेताना वादी सोडून तिच्याखालचे लाकडी गठ्ठे बाजूला ठेवले की स्पिरिटचा बोळा आडोशाच्या जागी फिरवून पाहायचा. जुनं पॉलिश लाखेचं असेल तर विरघळून बोळ्याला लागतं. देवळातल्या पखवाजांवर कधीकधी कुणीतरी हौसेने ऑइलपेंट चढवलेला असतो. तो स्पिरिटला दाद देत नाही, खरवडावाच लागतो. छिद्रांतून ताजा, पांढुरका भुसा पडत असेल तर कीड अजून जिवंत आहे. तिचा बंदोबस्त होईपर्यंत पुढचं काम थांबवायचं.

चिरेत लांबी (पुट्टी) भरून वर रंग देणं हा सोपा आणि वाईट उपाय. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, लांबी तशी हलत नाही. वर्षभरात भेग पुन्हा डोकावते. त्यापेक्षा त्याच जातीच्या लाकडाची बारीक चिपटी, शिरांची दिशा जुळवून, सरसाने बसवावी आणि बाहेरून दोरी आवळून सुकू द्यावी. नंतर सपाट काचेवर पॉलिशपेपर पसरून खोड त्यावर उभं फिरवलं की काठाचे उंचवटे कळतात आणि जातातही. धार हलकी मोडायची, नाहीतर कातडं कापलं जातं. पोटावरचे वादीचे वळ मात्र घासून काढू नयेत. लाकूड पातळ करून काहीच हाती लागत नाही, आणि ते वळ दिसायलाही मला चांगले वाटतात.

शेवटी पॉलिश. फर्निचरवाले पीयू (पॉलियुरेथेन) सुचवतील. ते पाण्याला चांगलं तोंड देतं, पण खराब झालं की बहुधा पुन्हा सगळं घासावं लागतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेवर ओलीचे पांढरे डाग पडतात खरे, पण नवा हात जुन्यात मिसळतो, त्यामुळे डागापुरतीच दुरुस्ती जमते. मी लाखच निवडेन. पातळ हात, प्रत्येक हातानंतर सुकायला वेळ; काठाच्या उघड्या शिरांना एक-दोन हात जास्त.

पुडी चढवून वादी ओढली तरी काम लगेच संपत नाही. नवी वादी वाजवता वाजवता सैल पडते. सुरुवातीचे काही दिवस ती पुन्हा पुन्हा ओढून घ्यावी लागते. म्हणून सप्ताहाच्या आदल्या दिवशी खोड दुरुस्तीला टाकू नये.