ड्राइव्हच्या आधी काय, नंतर काय?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. इथल्या राईस मिलमध्ये शेलर, पॉलिशर, एलेव्हेटर, कोंडा ओढणारा ब्लोअर, सगळे मोटरवर चालते. ब्लोअरला ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण, लावण्याचा हिशेब सरळ आहे: वेग ८० टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. पण ड्राइव्ह एकटा बसवून भागत नाही. त्याच्या सोबतची उपकरणे कुठे बसतात, यावर त्याचे आयुष्य ठरते.

आधी वीज येते ती बाजू. मृगाच्या तोंडावर विजा कडाडतात आणि लाइनवर क्षणभर प्रचंड व्होल्टेज चढते. ते जमिनीत सोडायला सर्ज अरेस्टर हवा. त्याची जोडणीची वायर अर्ध्या मीटरपेक्षा लांब नको. लांब वायरीवरच इतके व्होल्टेज उभे राहते की अरेस्टर असून नसल्यासारखा. त्यानंतर चोक. ड्राइव्ह मेन्समधून प्रवाह सलग नव्हे, झटक्याझटक्याने ओढतो. त्यातून २५० आणि ३५० हर्ट्झचे हार्मोनिक्स तयार होतात. चोक हे झटके बोथट करतो.

खरी गफलत कपॅसिटरची होते. राज्यात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचे बिल केव्हीएएचवर निघते, त्यामुळे कपॅसिटर लावून पॉवर फॅक्टर सांभाळणे भाग आहे. पण कपॅसिटर आणि ट्रान्सफॉर्मर यांचा मेळ नेमका एखाद्या हार्मोनिकशी बसला, तर तो प्रवाह कित्येक पटींनी वाढतो आणि कपॅसिटर फुगतात. म्हणून ड्राइव्ह वाढले की कपॅसिटरला ७ टक्क्यांचा डिट्यून्ड रिअॅक्टर जोडतात. त्यामुळे तो धोका १८९ हर्ट्झच्या आसपास सरकतो, म्हणजे २५० च्या खाली. ड्राइव्ह आणि मोटर यांच्यामध्ये मात्र कपॅसिटर कधीच नको. जुन्या मोटरला तो आधीपासून असेल तर काढायलाच हवा.

आता मोटरची बाजू. ड्राइव्ह ४१५ व्होल्टचे सुमारे ५८५ व्होल्ट डीसी करतो आणि त्याचे तुकडे करून मोटरला देतो. केबल लांब असली की मोटरच्या टोकाशी ते तुकडे परावर्तित होऊन दुपटीपर्यंत चढतात, जुन्या वाइंडिंगचे इन्सुलेशन खातात. तिथे आउटपुट चोक किंवा डीव्ही/डीटी फिल्टर लागतो, आणि तो ड्राइव्हलगतच.

जड पंख्याचा ब्लोअर झटकन थांबवला की त्याची ऊर्जा उलट ड्राइव्हमध्ये येते आणि तो ट्रिप होतो. ब्रेकिंग रेझिस्टर हा एक इलाज. थांबण्याचा वेळ वाढवणे हा दुसरा, फुकटचा.

शेवटी दोन गोष्टी. कोंड्याची धूळ पॅनेलमध्ये जाऊ नये, पण हवा खेळती राहावी. आणि वीज बंद केली तरी ड्राइव्हच्या आतला कपॅसिटर चार्ज असतो. पाटीवर लिहिलेली मिनिटे थांबा, मीटरने डीसी तपासा, मगच झाकण उघडा. धान भरडाईच्या हंगामात मिल थांबली की प्रत्येक जण घाई करतो. अपघात तेव्हाच होतात.