डोंगर रागावला का?

आजचा विषय मुलांचा आहे, पण सुरुवात माझ्या एका चुकीपासून करतो.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आपल्याच रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी टीव्हीवर बातम्या चालू होत्या. नातीनं विचारलं, "आजोबा, डोंगर रागावला का?" समोर खिडकीतून खारघरचा डोंगर दिसत होता. मी म्हटलं, "छे गं, आपला डोंगर पक्का आहे." जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि पोरीची समजूत काढायला खात्री नसलेली गोष्ट ठामपणे सांगून मोकळा झालो!

बघा, 'का' या प्रश्नाला दोन प्रकारची उत्तरं असतात. एक हेतू सांगतं, दुसरं कारण. डोंगराला हेतू नसतो; कारण मात्र असतं, आणि ते शाळकरी मुलाला कळतं. सह्याद्रीचा कातळ म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. ऊनपावसानं तो झिजतो, त्याची माती होते. तीव्र उतारावरच्या या थरात पाणी मुरलं की तो जड होतो, मातीची पकड ढिली पडते आणि थर घसरतो. 'पक्का' हे आपल्या आयुष्याच्या मापानं, बरं का!

राग म्हटलं की मूल घाबरून बसतं. कारण कळलं की ते खुणा शोधायला लागतं. २६ डिसेंबर २००४ ला थायलंडच्या फुकेत बेटावर टिली स्मिथ या दहा वर्षांच्या ब्रिटिश मुलीनं समुद्राचं पाणी विचित्र फेसाळताना पाहिलं. दोनच आठवड्यांपूर्वी भूगोलाच्या तासाला ती त्सुनामी शिकली होती. तिनं आईवडिलांना सांगितलं, किनारा रिकामा झाला, माणसं वाचली. पण ती वाचली, कारण मोठ्यांनी तिचं ऐकलं. हा अर्धा धडा आपल्यासाठी आहे.

म्हणून पावसाळ्यात मुलांना सांगा: उतारावर नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर तिथून आधी लांब व्हायचं आणि लगेच मोठ्यांना सांगायचं. रात्रीच्या अंधारात या खुणा दिसत नाहीत. तेव्हा धोक्याच्या उतारावरून माणसं वेळेत हलवणं हे काम मोठ्यांचं. ते मुलांवर टाकू नये.

मी नातीला पुन्हा खिडकीशी बोलावलं. म्हटलं, "परवा चुकीचं सांगितलं गं. डोंगर रागावत नाही, पण बदलतो." तिनं विचारलं, "मग आपण कुठून बघायचं?" त्या प्रश्नाचं उत्तर आम्ही दोघं मिळून शोधतोय.